अमळनेरहून क्वांटम भूमितीकडे

गणितात एम.एस्सी. करणारी खानदेशातली मुलं-मुली भेटली की प्रश्न ठरलेला असतो: मॅडम, पुढे काय? बी.एड. करून शाळेत लागायचं, नाहीतर स्पर्धा परीक्षांच्या मागे लागायचं, हे दोनच रस्ते त्यांच्यासमोर असतात. गणितात संशोधन करता येतं, त्यासाठी दरमहा फेलोशिप मिळते, हे फार थोड्यांच्या कानावर आलेलं असतं. मी क्वांटम भूमितीत काम करते. या विषयापर्यंत कशी पोचले, मध्ये काय काय करावं लागलं आणि विषय मुळात आहे तरी काय, हे एकदा नीट लिहावं असं बरेच दिवस मनात होतं.

आमचं घर अमळनेरचं. आबा कापसाच्या जिनिंगमध्ये हिशेब लिहायचे, माय घरकाम सांभाळून पापड-शेवया करून द्यायची. गणित मला शाळेपासून आवडायचं, पण बी.एस्सी.ला आल्यावर त्या आवडीला खाद्य मिळेना. प्रमेय पाठ करायचं, सिद्धता पाठ करायची, पेपरात उतरवायची. मार्क भरपूर पडत. तिसऱ्या वर्षाला असताना आमच्या सरांनी एक अर्ज हातात ठेवला आणि म्हणाले, ‘भर, आणि आजच पोस्टात टाक.’ तो एमटीटीएसचा अर्ज होता, म्हणजे मॅथेमॅटिक्स ट्रेनिंग अँड टॅलेंट सर्च. प्रा. एस. कुमरेसन यांनी १९९३ साली सुरू केलेलं हे उन्हाळी प्रशिक्षण चार आठवड्यांचं असतं. अणुऊर्जा विभागाच्या नॅशनल बोर्ड फॉर हायर मॅथेमॅटिक्सचा, म्हणजे एनबीएचएमचा, त्याला आधार होता. राहणं-जेवण त्यांच्याकडे, म्हणून आबांनी फार विचारपूस न करता पाठवलं.

तिथल्या पहिल्याच तासाला शिकवणाऱ्या सरांनी विचारलं, ‘लिनिअर इंडिपेंडन्स म्हणजे काय?’ मी व्याख्या घडाघडा म्हणून दाखवली. ते म्हणाले, ‘छान. आता दोनच व्हेक्टर घे. चित्र काढ. व्याख्येतली प्रत्येक गोष्ट मला चित्रात दाखव.’ मी खडू घेऊन फळ्यापाशी उभी राहिले. ते काहीच सांगेनात. फक्त पुढचा प्रश्न विचारत. तीन व्हेक्टर घेतले तर? एक शून्य असला तर? तास संपेपर्यंत त्या एका व्याख्येच्या पलीकडे आम्ही गेलो नाही. मला मात्र पहिल्यांदा कळलं की गणितातली व्याख्या कोणीतरी कशासाठी तरी केलेली असते आणि ते ‘कशासाठी’ शोधणं म्हणजेच अभ्यास. चार आठवडे संध्याकाळी जेवण झालं की आम्ही मुली व्हरांड्यात बसून भांडल्यासारखं गणित बोलायचो. केरळची एक, मणिपूरची एक, सोलापूरची एक. अशी भांडणं अमळनेरला कोणाशी करणार होते?

एम.एस्सी. जळगावला केलं, तेव्हाच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात. २०१८ पासून त्याला बहिणाबाई चौधरींचं नाव आहे. लायब्ररी बरी होती. मी फंक्शनल अॅनालिसिस मनापासून केलं आणि दुसऱ्या वर्षी नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा दिली. जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची फेलोशिप, मिळाली. २०१० साली ती दरमहा १६ हजार होती. आता ३७ हजार आहे. घरी सांगितलं तेव्हा आबांना ते खरंच वाटेना: शिकायचे पैसे आपण भरायचे असतात, उलट आपल्यालाच कसे देतात? पत्रावरचा आकडा त्यांनी दोनदा वाचला.

जेआरएफ मिळाली म्हणजे पीएच.डी. मिळाली असं नसतं, हे आमच्याकडच्या मुलांना आवर्जून सांगावं लागतं. जेआरएफ म्हणजे तुमचा खर्च चालेल याची हमी. जागा आणि मार्गदर्शक तुम्हीच शोधायचे. प्रत्येक संस्थेचा अर्ज वेगळा, लेखी परीक्षा वेगळी, मुलाखत वेगळी. मी चार-पाच ठिकाणी अर्ज केले. कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटची मुलाखत मला अजून जशीच्या तशी आठवते. अहमदाबाद-हावडा एक्सप्रेस आमच्याच लाइनीवरून जाते, त्यामुळे जाणं अवघड नव्हतं. संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांनी १९३१ साली सुरू केलेली ही संस्था आता बरानगरच्या आवारात आहे. आत टेबलामागे पाच जण, बाजूला फळा.

‘कोणता विषय आवडतो?’

‘लिनिअर अल्जिब्रा.’

‘मग सांगा, पी आणि क्यू हे दोन ऑर्थोगोनल प्रोजेक्शन. त्यांचा गुणाकारही प्रोजेक्शन कधी होईल?’

मी लिहायला सुरुवात केली. ऑर्थोगोनल प्रोजेक्शन म्हणजे व्हेक्टरची एखाद्या रेषेवर किंवा प्रतलावर सरळ सावली पाडणं; सावलीची पुन्हा सावली पाडली तरी तीच येते. त्याचा अॅडजॉइंट, म्हणजे मॅट्रिक्सच्या ओळी आणि स्तंभ उलटवून येणारं रूप, घेतला तर तो स्वतःच येतो. पीक्यूचा अॅडजॉइंट क्यूपी. म्हणजे पीक्यू प्रोजेक्शन असेल तर पीक्यू आणि क्यूपी एकच असायला हवेत. उलट, ते एकच असतील तर पीक्यूचा वर्ग परत पीक्यूच येतो. तेव्हा उत्तर असं: दोघांचा क्रम बदलता येत असेल तेव्हाच. त्यावर एक सर म्हणाले, ‘आणि क्रम बदलता येत नसेल तर? तेव्हा काय काय घडू शकतं?’ मला फारसं सांगता आलं नाही, पण दोन रेषा एकमेकींशी तिरप्या असतील तर प्रोजेक्शन एकामागून एक लावल्यावर काय होतं, ते मी काढून दाखवलं. माझी निवड झाली. पुढची कितीतरी वर्षं मी त्याच प्रश्नावर काम करणार होते, हे तेव्हा ना मला माहीत होतं ना त्यांना.

क्वांटम भूमितीची मुळं १९४३ सालच्या एका प्रमेयात आहेत. गेलफांड आणि नायमार्क यांनी दाखवलं की एखाद्या अवकाशावरची सगळी सतत फलनं, म्हणजे कंटिन्युअस फंक्शन्स, त्यांच्या बेरीज-गुणाकारासकट तुमच्याकडे असतील, तर अवकाश आपोआप परत उभा करता येतो. बिंदू दिसले नाहीत तरी चालतं. या फलनांच्या गुणाकारात क्रमाला महत्त्व नसतं. मग पुढचा प्रश्न येतोच: क्रमाला महत्त्व असलेलं बीजगणित घेतलं तर त्याच्यामागे कोणता ‘अवकाश’ असेल? त्याला बिंदू नसतील, तरी भूमिती असू शकेल का? १९८२ साली फील्ड्स पदक मिळालेले फ्रेंच गणिती आलँ कॉन यांनी ही भूमिती प्रत्यक्ष उभी केली. बिंदूच नसतील तर अंतर कसं मोजायचं, याचंही उत्तर त्यांनी दिलं.

ते मी विद्यार्थ्यांना असं सांगते. अमळनेर ते धरणगाव अंतर मोजायचंय, पण रस्त्याने जायचं नाही. समजा, तापमान एका किलोमीटरला एका अंशापेक्षा जास्त बदलत नाही, एवढीच अट आहे. या अटीत बसणारे तापमानाचे सगळे नकाशे विचारात घ्या आणि दोन गावांच्या तापमानात जास्तीत जास्त किती फरक पडू शकतो ते पाहा. तो फरक जितके अंश, तितके किलोमीटर अंतर. इथे वाट कुठेच लागली नाही, फक्त फलनं आणि ती किती वेगाने बदलतात याची मर्यादा लागली. ही मर्यादा कॉन यांच्या सिद्धांतात डिरॅक ऑपरेटर देतो, आणि म्हणून तीच व्याख्या बिंदू नसलेल्या जागीही चालते. हे पहिल्यांदा समजलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

माझा प्रबंध सममितीवर होता. आकृती जशीच्या तशी ठेवून तिचे कोपरे किती प्रकारांनी हलवता येतात, ही आपली नेहमीची सममिती. क्रमाला महत्त्व असलेल्या बीजगणितात या सममितीचं जे रूप होतं, तो क्वांटम ग्रुप. पोलिश गणिती वोरोनोविच यांनी १९८७ साली कॉम्पॅक्ट क्वांटम ग्रुपचा पाया घातला, त्याच्या जवळपास ड्रिनफेल्ड आणि जिम्बो यांनी दुसऱ्या बाजूने क्वांटम ग्रुप आणले. १९९८ साली शुझोउ वांग यांनी विचारलं की नुसत्या काही बिंदूंची क्वांटम अदलाबदल काय असेल. त्यांना आढळलं की तीन बिंदूंपर्यंत नवीन काहीच मिळत नाही. चार बिंदू झाले की गणित पालटतं. चार बिंदूंच्या साध्या अदलाबदली २४. क्वांटम अदलाबदलींचं बीजगणित मात्र अनंत मितींचं निघतं.

असं का होतं हे चौरसावर अगदी हाताने दाखवता येतं. कोपऱ्यांना क्रमाने १, २, ३, ४ म्हणा. १ आणि ३ समोरासमोर, २ आणि ४ समोरासमोर. १ आणि ३ यांची अदलाबदल केली तरी चौरस चौरसच राहतो, कारण दोघांचे शेजारी तेच आहेत. २ आणि ४ यांचंही तसंच. नेहमीच्या गणितात ‘१-३ अदलाबदल झाली का?’ याचं उत्तर शून्य किंवा एक. क्वांटम सममितीत त्या उत्तराच्या जागी प्रोजेक्शन ठेवायचं, पी. दुसऱ्या जोडीसाठी क्यू. मग चार बाय चारची एक मॅट्रिक्स तयार होते: पहिल्या जोडीच्या चौकटीत पी आणि एक उणे पी, दुसरीच्या चौकटीत क्यू आणि एक उणे क्यू, बाकी शून्यं. प्रत्येक ओळीची आणि स्तंभाची बेरीज १ येते. चौरसाला जे सांभाळायला हवं ते सगळं सांभाळलं जातं, आणि पी व क्यू यांचा क्रम बदलता यायलाच हवा अशी अट कुठूनच येत नाही. मुलाखतीतला प्रश्न इथे माझ्यासमोर परत आला. पंचकोन घेतला, षटकोन घेतला, तर ही मोकळीक मिळत नाही. अशा चक्राकार आकृत्यांत क्वांटम सममिती फक्त चौरसाला असते. कोपऱ्यांना रेषांनी जोडलेली कोणती आकृती, म्हणजे कोणता ग्राफ, ही मोकळीक देतो आणि कोणता देत नाही, हे माझं काम. त्याची सुरुवात बिशाँ यांनी २००३ मध्ये आणि बानिका यांनी २००५ मध्ये करून ठेवली होती. आमच्याच संस्थेतल्या देबाशीष गोस्वामी यांनी २००९ साली क्वांटम आयसोमेट्री ग्रुप, म्हणजे अंतरं सांभाळणाऱ्या सममितींचं क्वांटम रूप, मांडला, त्यामुळे तिथे या विषयावर बोलायला माणसं होती. माझ्या मते पीएच.डी.ची जागा निवडताना हीच गोष्ट सगळ्यात आधी बघावी: दार ठोठावून ज्याला विचारता येईल असं त्या इमारतीत कोणी आहे का?

पीएच.डी.चा दिवस बाहेरून बघणाऱ्याला रिकामाच वाटेल. सकाळी वही उघडायची, एका अटीवर अडायचं, दुपारी तेच, संध्याकाळी कोणाशी तरी बोलायचं. महिनोन् महिने काही हाती लागत नाही, मग एखाद्या आठवड्यात तीन पानं एकदम होतात. गावी सुट्टीला आले की मामा विचारायचे, ‘हाई गणित काय कामनं शे, भो?’ मला तो प्रश्न कधीच टोचला नाही. विचारणाऱ्याने कापसाचा भाव पडलेला बघितलेला असतो; तो हिशेब विचारणारच.

मी तेव्हा त्यांना पाटणची गोष्ट सांगायची. चाळीसगावजवळ पाटणादेवीला एक शिलालेख आहे, तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा. एकोणिसाव्या शतकात भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तिथे मठ काढला, आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्याला दान दिलं, असं त्यात कोरलं आहे. लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे, आणि त्यात पाटणच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावरचा राजाचा हिस्सा मठाला दिल्याचं सांगितलं आहे. म्हणजे आठशे वर्षांपूर्वी आपल्याच मुलखातल्या बाजाराच्या पैशावर माणसं गणित शिकत होती, आणि ते कायमचं चालावं म्हणून कोणीतरी दगडात लिहून ठेवलं. माझी जेआरएफ मला त्याच जातीची वाटते. मामांना ही गोष्ट पटायची. ‘मंग बराबर शे,’ म्हणायचे.

पेपर लिहिणं हा वेगळाच अभ्यास. लिहून झाला की आधी अर्काइव्ह या वेबसाइटवर टाकायचा, म्हणजे तो जगभर सगळ्यांना लगेच फुकट वाचता येतो. गणितात हा रिवाज आता पक्का आहे. मग जर्नलकडे. तिथून उत्तर यायला वर्ष उलटू शकतं, आणि आलेलं उत्तर ‘आणखी एक उदाहरण द्या’ एवढंच असू शकतं. पहिला पेपर छापून आला तेव्हा प्रबंध सादर होऊन गेला होता.

पुढे पोस्ट-डॉक, म्हणजे पीएच.डी.नंतरचं ठरावीक मुदतीचं संशोधनाचं काम. अर्जाबरोबर संशोधनाचा आराखडा लागतो आणि तीन-चार जणांची शिफारसपत्रं. ही पत्रं फक्त मार्गदर्शकाकडून चालत नाहीत. तुमचं काम ओळखणारं कोणीतरी बाहेरचंही लागतं. म्हणून परिषदांना जायचं, आपलं काम सांगायचं, लोकांना ईमेल लिहायची. खानदेशातून गेलेल्या मुलांना अनोळखी प्राध्यापकाला लिहायचा फार संकोच वाटतो. मलाही वाटे. पण नेमका प्रश्न विचारला की गणिती लोक उत्तर देतात, हा माझा अनुभव आहे. कितीतरी नकार आले, आणि एक होकार वॉर्साहून आला. वोरोनोविच तिथलेच, त्यामुळे क्वांटम ग्रुप या शहरात घरचा विषय आहे. पोलिश अकादमीच्या गणित संस्थेतली व्याख्यानं मी पहिल्या हिवाळ्यात एकही चुकवली नाहीत. बाहेर बर्फ, आत फळ्यावर कोणीतरी खोडून पुन्हा लिहितंय. प्रश्न विचारायला वय आडवं येत नसे. कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत यांची मात्र सारखी आठवण यायची.

तिथे असतानाच, २०१८ साली, सारलँड विद्यापीठातल्या सिमॉन श्मिट यांचा पेपर आला: पीटरसन ग्राफला क्वांटम सममिती नाही. दहा बिंदूंचा हा ग्राफ प्रत्येक पुस्तकात असतो आणि त्याच्या साध्या सममिती १२० आहेत. मीही त्याच प्रश्नावर बसले होते. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण पेपर वाचत गेले तशी त्यातल्या युक्तीची भुरळ पडली, आणि पुढचे महिने मी तीच युक्ती दुसऱ्या ग्राफांवर चालवून पाहिली. माझा सगळ्यात चांगला पेपर त्यातून झाला. विषय जिवंत आहे याची खूण हीच की दुसरा पुढे गेला तरी आपलं काम वाढतंच. २०२० मध्ये लॉरा मान्चिन्स्का आणि डेव्हिड रॉबरसन यांनी दाखवलं की दोन ग्राफ क्वांटम अर्थाने सारखे आहेत की नाहीत, हे त्यांच्यात प्लेनर ग्राफ, म्हणजे रेषा एकमेकींना न छेदता कागदावर काढता येणारे ग्राफ, किती प्रकारांनी बसवता येतात हे मोजून सांगता येतं. क्वांटम माहितीशास्त्रातला प्रश्न होता तो, आणि उत्तर निघालं शाळकरी वाटावं अशा मोजणीचं. तो निकाल वाचून मी खुर्चीतून उठून खोलीभर फिरले होते.

परत आले ती नोकरीसाठी. हा भाग थोडक्यात सांगते. कायम जागांच्या जाहिराती निघेनात, तोवर तासिका तत्त्वावर शिकवलं. जितके तास तितके पैसे, सुट्टीत काहीच नाही. एका ठिकाणी मुलाखतीला विचारलं, ‘क्वांटम म्हणजे फिजिक्स; मग तुम्ही गणिताच्या पदाला पात्र कशा?’ मी फळा मागितला आणि चौरस काढून दाखवला. ती जागा मला मिळाली नाही. पीएच.डी. आणि परदेशातला अनुभव गाठीशी असलेली माणसं वर्षानुवर्षं अशी तासांवर राबतात, आणि त्या वर्षांत त्यांचं संशोधन बंद पडतं. हे नुकसान कोणाच्याच वहीत मांडलं जात नाही, आणि याचा मला आजही राग येतो. संशोधनाला यंत्रं लागत नाहीत, प्रयोगशाळा लागत नाही. सलग वेळ लागतो, आणि तोच तुकड्या-तुकड्यांनी काढून घेतला जातो.

आता जळगाव जिल्ह्यातल्या एका कॉलेजात कायम आहे. सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास अध्यापन असतं. शिवाय परीक्षा, समित्या, अहवाल. मी पहाटेचे दोन तास वहीसाठी राखून ठेवले आहेत आणि त्यांच्या आड कोणाला येऊ देत नाही. कोलकाता आणि वॉर्साच्या मैत्रिणींबरोबर ऑनलाइन काम चालतं.

शनिवारी दुपारी काही विद्यार्थी माझ्याकडे बसतात. बी.एस्सी.चे आहेत, एम.एस्सी.चे आहेत, पारोळ्याचा एक, चोपड्याच्या दोघी, शिरपूरहून येणारी एक. पहिले काही आठवडे मी नवीन काहीच शिकवत नाही. लिनिअर इंडिपेंडन्सची व्याख्या विचारते आणि दोन व्हेक्टरांचं चित्र काढायला लावते. मग प्रोजेक्शन, मग चौरस. गेल्या खेपेला चोपड्याची मुलगी म्हणाली, ‘मॅडम, चौरसाला एक शेपूट जोडली, पाचवा बिंदू, एका कोपऱ्याला चिकटवलेला, तर क्वांटम सममिती राहील का?’ मी उत्तर दिलं नाही. शेपटीचा कोपरा आता बाकीच्यांसारखा उरला नाही, एवढं तिने स्वतःच फळ्यावर लिहिलं, म्हणजे समोरचा कोपरा त्याच्याशी अदलाबदल करू शकत नाही, म्हणजे पी गेला. क्यू एकटाच राहिला. एकट्या क्यूचा क्रम कोणाशी बिघडणार, असं पारोळ्याचा मुलगा मागून म्हणाला. पुढच्या शनिवारी तिला दोन चौरस एका कोपऱ्यात जोडून आणायला सांगितलंय. एमटीटीएसचे अर्जही तेव्हाच भरून घेणार आहे.